दहापैकी दोन

माझ्या भावाला सिनेमातलं काही कळत नाही, हे मी पाच वर्षं त्याला लेखी कळवत होते. तोंडी कळवायची सोय नव्हती, कारण आम्ही बोलत नव्हतो.

तो घुग्घुसला कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. मी आलापल्लीला सागवानाच्या डेपोत लिपिक आहे. वहिनीनं घरच्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. दरवर्षी मायच्या स्मृतिदिनाला कोण कधी येणार, कोण काय आणणार, एवढं ठरवण्यापुरता. त्यात आम्ही चौघंच. मी, भाऊ, वहिनी आणि वहिनीचा भाऊ. हा भावाचा साळा त्याच खाणीत सुपरवायझर आहे. एका रविवारी भावानं ग्रुपवर टाकलं की आज एक सिनेमा पाहिला, दहापैकी नऊ. तोच सिनेमा मी आदल्या दिवशी कपाळ बडवत पाहिला होता. मी खाली लिहिलं, दहापैकी दोन, आणि दोन तरी का, तेही लिहिलं. तेव्हापासून दर आठवड्याला आमची जुंपायची.

त्याचे नऊ कशाला मिळायचे, ते सांगते. गाड्या उडाल्या, पूल पडला, हिरोनं एकट्यानं पंधरा जणांना लोळवलं, की नऊ. पाऊस पडत असताना मारामारी झाली तर साडेनऊ. आणि ज्यात दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांशी मनातलं बोलतात, त्याला तीन. खाली शेरा ठरलेला. ‘नुसते बसून राह्यले. काही होतच नाई.’ असं वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी लिहायचे, डंपर चालवून चालवून तुझं डोकंही डंपर झालंय. तो लिहायचा, तुझ्या डेपोतल्या लाकडाइतकीच तू रसाळ. वहिनी मध्येच हात जोडलेलं चित्र टाकायची. साळा काही लिहायचा नाही, पण वाचायचा. निळ्या खुणा दिसायच्या.

मला माझ्या पारखीचा गर्व होता आणि तो मी लपवत नव्हते. डेपोत लाकूड आलं की त्याचा दर्जा ठरतो. लांबी, गोलाई, गाठी, कीड. वरून सरळसोट दिसणारा ओंडका आतून पोकळ निघतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे, दोन्ही तोंडं पाहिल्याशिवाय दर्जा लिहायचा नाही. थप्पीत ओंडके असे रचलेले असतात की एकच तोंड दिसतं. आळशी माणूस तेवढंच पाहून लिहून मोकळा होतो. मी लिपिक असले तरी उन्हात थप्पीला वळसा घालून मागे जायचे आणि दुसरं तोंड पाहून यायचे, मगच रजिस्टरमध्ये मोजमाप करणाऱ्याचा आकडा उतरवायचे. माझ्यावर सगळे वैतागायचे. सिनेमाही मी तसाच पाहायचे, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. मगच सांगायचे, हा इमारती आणि हा जळाऊ. भावाचे बहुतेक नऊवाले माझ्याकडे जळाऊत जायचे.

आम्ही बोलत का नव्हतो, तेही सांगायला हवं.

माय चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. मी रजा टाकून तिच्याजवळ होते. भाऊ अर्ध्या-पाऊण तासावर, घुग्घुसला. तो पहिल्या पाळीहून दोनला सुटायचा, आंघोळ करून जेवायचा आणि संध्याकाळी यायचा. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टरनं मला बाजूला बोलावून सांगितलं की फार वेळ नाही, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी व्हरांड्यात येऊन भावाला फोन लावला. म्हटलं, माय जाऊन राह्यली, आत्ताच्या आत्ता नीघ. तो म्हणाला, काय? काय? मी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘बरं बरं. तू जेऊन घे.’ आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्यांदा फोन केला नाही. काऊन करू? स्वच्छ सांगितलं होतं, त्यानं बरं म्हटलं होतं. माय दारात कोणी आलं की मान वळवायची. नर्स आली तरी वळवायची. पाच वाजता तिची मान वळायची थांबली. भाऊ साडेसहाला आला, हातात तीन पुडाचा डबा घेऊन. मी डब्याकडे पाहिलं आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, आता कोणाले वाढतेस? तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मी पुढे जे जे बोलले ते नातेवाइकांतही सांगितलं, मिरची लावून सांगितलं. आई मरत असताना बहिणीला जेवून घे म्हणणारा माणूस, अशी त्याची ओळख मी करून दिली. त्यानं एकदाही बाजू मांडली नाही. त्यावरून मला खात्रीच पटली. पुढे त्यानं दोन-तीनदा फोन केला होता, पण फोनवर तो नुसता खेकसायचा. मी एक विचारावं, त्यानं भलतंच उत्तर द्यावं आणि वर आवाज चढवावा. मी फोन घेणं बंद केलं.

तर असे आम्ही, आणि आमच्यात फक्त दहापैकी किती, एवढंच उरलेलं.

गेल्या वर्षी एक मराठी सिनेमा आला. घरीच मोबाइलवर पाहिला. एक बाप, एक मुलगी. मुलीनं मनानं लग्न केलं म्हणून बाप तिच्याशी बोलणं टाकतो. अख्खा सिनेमाभर तो तिच्याशी एक शब्द बोलत नाही. ती येते, घर झाडते, भाकरी टाकते, जाते. शेवटी तो खिडकीकडे तोंड करून, तिच्याकडे आणि आपल्याकडे पाठ करून उभा राहतो आणि बोलतो. दोन मिनिटं बोलतो. आपण चुकलो, असं सांगतो. मी रडले. त्या म्हाताऱ्याच्या जागी मला दुसरंच कोणी दिसत होतं, हे कबूल करते. मला माझ्या भावाकडून तेवढंच हवं होतं, पाठमोरं उभं राहून का होईना. मी ग्रुपवर लिहिलं, दहापैकी नऊ. माझ्या हातून नऊ कधी सुटले नव्हते.

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. ‘पाहिला. दहापैकी दोन. बाप शेवटपर्यंत काहीच बोलत नाई. शेवटी तरी बोलाव का नाई.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, तू झोपला होतास. तो म्हणाला, जागा होतो. मी लिहिलं, शेवट न पाहता मार्क देतोस, लाज वाटू दे, आमच्याकडे शिपाईसुद्धा एक तोंड पाहून दर्जा लिहीत नाही. तो म्हणाला, पूर्ण पाहिला, बाप खिडकीपाशी उभा राहते आन् पिच्चर संपते. मी लिहिलं, बोलतो तो, दोन मिनिटं बोलतो. त्यानं लिहिलं, मायची आन, एक शब्द बोलत नाई.

मायची आण त्यानं घ्यावी? तीही खोटी, आणि ती एका सिनेमापायी? त्या क्षणी मी ठरवलं की यंदा स्मृतिदिनाला जाताना मोबाइलमध्ये सिनेमा घेऊन जायचं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या नाकासमोर धरायचा. त्याला पाणी पाजल्याशिवाय परत यायचं नाही.

आलापल्लीहून घुग्घुसला जायला अख्खी सकाळ जाते. बसमध्ये मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. घुग्घुसला उतरले तर रस्त्याच्या कडेची झाडं नेहमीसारखी राखाडी. भावाच्या क्वार्टरमध्ये भंतेजी आले होते. वंदना सुरू झाली. भाऊ माझ्या समोरच्या रांगेत होता. त्याचं त्रिशरण सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे चाललं होतं. सगळे थांबले तरी हा एकटाच मोठ्यानं म्हणत राहिला. वहिनीनं त्याच्या मांडीला हात लावला, तेव्हा थांबला. मी मनात म्हटलं, मायच्या दिवशीही याचं लक्ष नाही.

जेवणं झाली, भंतेजी गेले. खोलीत आम्ही चौघंच उरलो. ग्रुपवरची चौघं. मी मोबाइल काढला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि भावाच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, बघ आता. मायची आन घेतली होती ना.

म्हातारा खिडकीपाशी गेला. पाठ केली. बोलायला लागला. आवाज एवढा मोठा की शेजारच्या क्वार्टरमधल्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. भाऊ मोबाइलकडे नीट, मन लावून पाहत होता. दोन मिनिटं झाली. पाट्या यायला लागल्या. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘मंग? बोलला कुठी? उभा तं आहे नुसता.’

मी हसले. म्हणजे हसायला सुरुवात केली. मग वहिनीचा चेहरा दिसला. तिनं पदर तोंडाला लावला होता. साळा भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला. तो भावाच्या मागच्या बाजूला बसला होता. तिथूनच, नेहमीच्या आवाजात म्हणाला, ‘भाऊजी.’ भाऊ माझ्याकडेच पाहत होता. साळा पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, ‘भाऊजी.’ भावाची मान वळली नाही.

आम्हा तिघांनाही ते दिसलं, भावाला कळलंसुद्धा नाही. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

साळा उठून त्याच्या समोर आला आणि उकिडवा बसला. म्हणाला, ‘डंपर मांगं घेता तेव्हा मांगं माणसं असतात, भाऊजी.’ भावानं त्याच्या ओठांकडे पाहिलं. नंतर वहिनीकडे पाहिलं. काही नाकारलं नाही. साळा चपला घालून बाहेर गेला आणि अंगणात पाठ करून उभा राहिला. खाणीतल्या घरांमध्ये सगळेच मोठ्यानं बोलतात. चोवीस तास यंत्रं आणि सुरुंग, बोलायचंच तसं. म्हणून भावाचा चढलेला आवाज कोणाला खटकला नव्हता. मलाही नाही. मी त्या आवाजाचं नाव राग ठेवलं होतं.

मी त्याच्या समोर सरकले. तोंड उघडून, एकेक शब्द करत विचारलं, की त्या दिवशी दवाखान्यातून फोन केला होता, तेव्हा मी काय म्हटलं होतं.

तो म्हणाला, ‘तुझा आवाज येऊन राह्यला होता, बाई. शब्द नोह्यते येत. दोनदा काय म्हटलं, तं तू खेकसली. अजून किती डाव विचारू? मले वाटलं, रोजचंच असन. वहिनी तुझी अंगणवाडीतून आली, तिले म्हटलं डबा कर, बाई भुकेली असन.’

मी त्याच्यावर काय खेकसले होते, ते मला तेव्हा आठवलं. पाच-सहा वर्षांत मी ही गोष्ट शंभर जणांना सांगितली, पण तेवढं एक वाक्य माझ्या सांगण्यातून गळलं होतं. मी ओरडले होते, बहिरा झालास का.

त्यानं माझा चेहरा पाहिला आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उठून उभा राहिला. म्हणाला, ‘झालं समाधान? दे आता मले दहापैकी.’ आणि मागच्या दारानं निघून गेला. वहिनी भांडी उचलत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली की तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. सिनेमा पाहताना ती शेजारी बसून कोण काय म्हणतं ते सांगायची, पण तो सिनेमा त्यानं एकट्यानं पाहिला. खाली इंग्रजीत लिहून येतं, ते त्याला लवकर वाचता येत नाही. आणि त्याला मुद्दाम एकट्यानंच पाहायचा होता, कारण बाईनं नऊ दिले होते. मग तिनं ताटं आदळली. म्हणाली, ‘पाचच वर्षं उरली होती त्याईच्या नोकरीची. तुमाले पिच्चरच्या मार्कापायी आजचाच दिवस भेटला?’

मी संध्याकाळच्या बसनं परत आले. पुढचं मला वहिनीकडूनच कळलं, तेही तुटक. साळ्यानं दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून भावाला डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली. डंपर सुटला. आता तो स्टोअरमध्ये बसून नटबोल्टांच्या चिठ्ठ्या लिहितो. इतकी वर्षं खाणीच्या मेडिकल तपासणीत कसं निभावून नेलं, हे ना तिनं सांगितलं ना मी विचारलं. घराएवढं धूड मागे घेताना ज्याला मागचा माणूस ऐकू येत नाही, त्यानं ते लपवलं. त्याचा मला राग आहे. अजून आहे. साळ्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. पण मी तिथे माणसं वाचवायला गेले नव्हते. मी त्याची जिरवायला गेले होते, आणि ती जिरली.

ग्रुप बंद पडला. कोणी बाहेर पडलं नाही, पण कोणी लिहीतही नव्हतं. मी सिनेमे पाहायचे आणि मार्क मनातच ठेवायचे. डेपोत एकदा थप्पीच्या मागे जाऊन दुसरं तोंड पाहताना मला स्वतःचीच इतकी चीड आली की हातातलं रजिस्टर मी ओंडक्यावर आपटलं. मोजमाप करणारा म्हणाला, काय झालं, बाई? मी म्हटलं, काही नाही, तू आकडा सांग.

तीन-साडेतीन महिने असे गेले. एका रविवारी दुपारी मी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. खालची इंग्रजी अक्षरंही बंद केली. पहिली दहा मिनिटं मला सगळं आठवत होतं, कोण काय बोलतं ते. मग आठवेनासं झालं. लोक तोंडं हलवत होते. मुलगी कशाला तरी हसली, कशाला ते कळेना. शेजारीण येऊन काहीतरी सांगून गेली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले, मी मात्र बाहेरच. मला कंटाळा आला, मग राग आला, त्या लोकांचाच राग आला, की हे माझ्याशी का बोलत नाहीत. दोनदा बंद करावासा वाटला. केला नाही. शेवटी म्हातारा खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याचा खांदा एकदा हलला. शर्टावर मागे घामाचा डाग होता, तो मी पहिल्यांदा पाहिला. दोन मिनिटं तो नुसता उभा होता. मग पाट्या आल्या.

मी ग्रुप उघडला आणि लिहिलं, ‘आज आवाज बंद करून पूर्ण पाहिला. दहापैकी दोन. बाप शेवटपर्यंत काहीच बोलत नाही.’

वहिनीनं वाचलं. साळ्यानं वाचलं. भावानं संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डेपोत आवक लिहीत होते, तेव्हा दुपारी मोबाइल वाजला. त्याची जेवणाची सुट्टी झाली असणार.

‘तेच तं मी सांगून राह्यलो होतो.’